स्लॅबखालच्या टेकूचा हिशेब

घर बांधावयास काढलेला नोकरदार माणूस सिमेंटची पोती मोजून घेतो, सळईचे वजन काट्यावर पाहून घेतो आणि भट्टीवर जाऊन दोन विटा एकमेकींवर वाजवूनही पाहतो. या वस्तू आयुष्यभर आपल्या घरात राहणार आहेत, तेव्हा त्या पारखून घेतल्या पाहिजेत, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु ज्या बल्ल्यांवर, फळ्यांवर आणि लोखंडी प्लेटांवर त्याच्या घराचा स्लॅब पहिले काही दिवस विसावणार असतो, त्यांच्याकडे तो सहसा ढुंकूनही पाहत नाही. ती बाब मिस्त्रीची, आणि मिस्त्रीच्या मते ती सेंट्रिंगवाल्याची. काम संपताच हा सगळा पसारा ट्रॉलीत भरून दुसऱ्या गावाला निघून जातो. जी वस्तू घरात उरत नाही ती घराच्या हिशेबातही धरली जात नाही. आणि बांधकामातील अनेक अपघातांचे मूळ नेमके या न धरलेल्या रकमेत असते.

बुलडाणा जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर हा प्रश्न एका पिढीपूर्वी इतका व्यापक नव्हता. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद या भागांत आणि घाटावर चिखली, मेहकरकडेही सामान्य माणसाचे घर म्हणजे मातीच्या भिंती आणि वर धाबे किंवा कवेलू. धाब्याची तुळई, तिच्यावरच्या कड्या आणि त्यांवरचा मातीचा थर यांची रचना अशी, की छताला आधार देणारे लाकूड हे छताचाच कायमचा भाग असे. छत चढविताना ते पहिल्या क्षणापासून स्वतःच्या पायावर उभे असे. सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब हे सामान्य माणसाच्या वाट्याला आलेले पहिले छत असे आहे, की जे जन्मतः स्वतःचे वजन पेलू शकत नाही. त्याला काही दिवस दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवावे लागते. धाब्याकडून स्लॅबकडे येताना छत बदलले हे सर्वांना दिसले. पण त्याबरोबर एक नवी, तात्पुरती आणि धोक्याची अवस्था घराच्या जन्मात शिरली, याची पुरेशी जाणीव झाली नाही.

ओल्या छताचे वजन

या अवस्थेचे गांभीर्य समजण्यासाठी अभियंत्याची पदवी लागत नाही. शाळेतील अंकगणित पुरते. सळईसह काँक्रीटचे वजन एका घनमीटरला सुमारे अडीच टन भरते. पाच इंच जाडीचा स्लॅब घेतला तर एका चौरस मीटरवर तीनशे किलोंहून थोडा अधिक भार पडतो. म्हणजे दहा फूट बाय बारा फुटांच्या साध्या खोलीवर साडेतीन टन, आणि एक हजार चौरस फुटांच्या घरावर सुमारे एकोणतीस टन. भरलेल्या तीन मालमोटारी हवेत उचलून धराव्यात, तसा हा प्रकार आहे. शिवाय त्यावर घमेली वाहणारी माणसे, व्हायब्रेटर आणि एकाच जागी ओतलेला मालाचा ढीग यांचा भार निराळा.

हा सगळा भार टेकूंवर वाटला जातो. टेकू तीन-तीन फुटांवर उभे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला नऊ चौरस फूट येतात. माणसे, हत्यारे आणि प्लेटांचे वजन धरून एका टेकूवर साधारण सव्वाचारशे ते साडेचारशे किलो भार होतो. हेच अंतर चार फूट केले तर वाट्याला सोळा चौरस फूट येतात आणि भार साडेसातशे किलोंच्या पुढे जातो. अंतर एक-तृतीयांशाने वाढले, पण भार जवळजवळ पावणेदोन पट झाला. ‘एक फुटाने काय होते’ असे म्हणणाऱ्याने हा वर्गाचा हिशेब केलेला नसतो.

टेकू कसा मोडतो, याविषयीही एक गैरसमज आहे. उभा टेकू सहसा चिरडून जात नाही. तो मधोमध वाकतो आणि क्षणार्धात निसटतो. अठराव्या शतकात स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या ऑयलर या गणितज्ञाने या वाकण्याचे सूत्र मांडले. त्याचे सार इतकेच, की टेकूची उंची दुप्पट केली तर त्याची भार पेलण्याची शक्ती चौथाईवर येते. दहा फुटांच्या खोलीत चांगला ठरलेला टेकू त्याच जाडीचा चौदा फुटांचा करून पोर्चखाली लावला, तर त्याची शक्ती निम्मी उरते. जाडीचा परिणाम तर याहून तीव्र. तीन इंच व्यासाच्या बल्लीऐवजी दोन इंचांची घेतली, तर तिची शक्ती केवळ एक-पंचमांश राहते. सरळ, निरोगी, तीन इंच जाड आणि दहा फूट उंच बल्ली लाकडाच्या जातीप्रमाणे सव्वा ते दीड टनाच्या आसपास वाकते. सुरक्षिततेसाठी त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर विसंबावयाचे म्हटले, तर तिच्यावर साडेचारशे किलोच ठेवता येतात. तीन फुटांच्या अंतराला ती पुरते. चार फुटांना पुरत नाही.

या सूत्राची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. टेकूंना मध्यावर दोन्ही दिशांनी आडव्या बल्ल्या बांधून त्यांना तिरपे बंध दिले, तर प्रत्येक टेकूची मोकळी उंची निम्मी होते आणि शक्ती चौपट वाढते. चार आडव्या बल्ल्या आणि थोडा काथ्या यांत हे काम होते. बांधकामाच्या साऱ्या खर्चात इतक्या स्वस्तात इतकी सुरक्षितता दुसरीकडे कोठेही मिळत नाही, आणि तरीही खेड्यापाड्यांतील कामांवर सर्वांत आधी गाळली जाते ती हीच गोष्ट. कारण आडव्या बल्ल्यांमुळे खालून ये-जा करणे अडते!

लाकूड, बांबू की लोखंड?

आधार कशाचा असावा, हा प्रश्न बहुधा ‘जुने विरुद्ध नवे’ असा मांडला जातो. लाकडी बल्ली म्हणजे मागासलेपण आणि लोखंडी जॅक म्हणजे प्रगती, अशी विभागणी करणे सोपे असते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही.

बल्लीचा दोष असा, की ती एकसारखी नसते. सामाजिक वनीकरणाच्या काळात बांधांवर लावलेल्या निलगिरीची असो की रानातल्या लाकडाची, प्रत्येक बल्लीची जाडी, गाठी आणि वाक निराळा. उंची कमी पडली की दोन तुकडे खिळ्यांनी जोडले जातात. जास्त झाली की बुडखा तासला जातो. थोडी कमी असेल तर खाली विटा रचल्या जातात. जोड दिलेली बल्ली आणि विटांवर उभी केलेली बल्ली या दोन्ही गोष्टींनी वर सांगितलेले सारे गणित निरुपयोगी होते. याउलट लोखंडी टेकू मोजून बनविलेला असतो, आट्यांवर फिरवून त्याची उंची जुळविता येते आणि माथ्यावर व पायाशी त्याला सपाट पत्रा असतो. परंतु त्यालाही अवगुण आहेत. खिळीच्या जागी लोखंडी सळईचा तुकडा घालणे, वाकलेला टेकू हातोड्याने सरळ करून पुन्हा वापरणे, गंजलेल्या नळीला रंग देऊन ती भाड्याने देणे हे प्रकार लोखंडाच्या बाबतीतच घडतात. बल्लीचा दोष निदान डोळ्यांना दिसतो. रंगाखालचा गंज दिसत नाही.

परांचीच्या बाबतीत हीच गोष्ट बांबूविषयी म्हणता येईल. गिलावा आणि रंगकाम यांसाठी आजही जिल्ह्यात बांबूची परांचीच अधिक दिसते. बांबू हलका असतो, धाग्याच्या दिशेने मजबूत असतो आणि मोडण्यापूर्वी करकरतो. हाँगकाँगसारख्या शहरात गगनचुंबी इमारतींना बांबूच्या परांच्या बांधण्याची परंपरा आहे. मात्र तेथे ती बांधणाऱ्या कारागिराला प्रशिक्षणाचा दाखला घ्यावा लागतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील ताई पो भागात दुरुस्ती चालू असलेल्या इमारतींना लागलेल्या भीषण आगीनंतर बांबूऐवजी धातूची परांची वापरण्याची चर्चा तेथेही तीव्र झाली. तात्पर्य असे, की जेथे बांबू टिकला तेथे तो कारागिराच्या शिक्षणावर टिकला, आणि तेथेही त्याच्या मर्यादांचा फेरविचार होतो. आपल्याकडे बांबू वापरात आहे. त्यामागचे शिक्षण नाही. भारतीय मानक संस्थेने परांचीच्या सुरक्षिततेसाठी आय. एस. ३६९६ आणि काँक्रीटखालच्या तात्पुरत्या आधारांसाठी १९९९ मध्ये आय. एस. १४६८७ ही मार्गदर्शके तयार केली आहेत. परांचीवर पाय ठेवण्यासाठी पुरेशी रुंद फळी, तिला कठडा आणि भिंतीशी पक्की बांधणी या त्यांतील अपेक्षा साध्या आहेत. गिलाव्याच्या कामावर दोन बांबूंवर टाकलेल्या एका डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळणारा गवंडी पाहिला, म्हणजे या अपेक्षा कागदावरून परांचीपर्यंत पोहोचलेल्या नाहीत हे ध्यानात येते.

टेकू कशाचा आहे याइतकाच तो कशावर उभा आहे हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि बुलडाणा जिल्ह्यात तो विशेषच. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती सुकली की भेगाळते आणि भिजली की फुगून मऊ होते. स्लॅब टाकताना सांडलेले आणि नंतर मारलेले पाणी झिरपत खाली जाते, टेकूचा बुडखा मातीत रुततो, आणि एक टेकू अर्धा इंच खाली गेला की त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो. म्हणूनच काळ्या मातीवर टेकूखाली रुंद, जाड फळी आणि तिच्यावर पाचर घालणे अत्यावश्यक ठरते. घाटावर मुरमाची जमीन असते तेथे जे चालून जाते, ते शेगाव-नांदुऱ्याकडे चालत नाही. एकाच सेंट्रिंगवाल्याने दोन्हीकडे एकच पद्धत वापरणे हे अनुभवाचे नव्हे, सवयीचे लक्षण आहे.

स्वस्त लाकडामागचे महाग भांडवल

मग लोखंडी टेकू सर्वत्र का वापरले जात नाहीत? सेंट्रिंगवाला अडाणी आहे म्हणून, असे उत्तर देणे अन्यायाचे होईल. त्याचा हिशेब मांडून पाहिला तर त्याच्या निवडीत एक तर्क दिसतो.

समजा, एक बल्ली दोनशे रुपयांना मिळते आणि दहा स्लॅब टिकते. एक लोखंडी टेकू बाराशेला मिळतो आणि शंभर स्लॅब टिकतो. झिजेचा विचार केला तर बल्ली एका स्लॅबला वीस रुपयांस पडते आणि लोखंडी टेकू बारा रुपयांस. लोखंड उघडच स्वस्त दिसते. पण भांडवलावर व्याज असते. सेंट्रिंगवाल्याला वर्षात दहाच स्लॅब मिळत असतील आणि त्याने दरमहा दोन टक्के व्याजाने पैसे उचलले असतील, तर बाराशे रुपयांवर वर्षाचे व्याज दोनशे अठ्ठ्याऐंशी, म्हणजे दर स्लॅबला एकोणतीस रुपये. झीज आणि व्याज मिळून लोखंडी टेकू त्याला एक्केचाळीस रुपयांस पडतो, तर बल्ली पंचवीस रुपयांस. अशा स्थितीत तो लाकूड निवडतो यात नवल ते काय!

आता दोनच गोष्टी बदला. व्याज बँकेच्या दराने नऊ टक्के धरा आणि तोच टेकू वर्षात दहाऐवजी वीस स्लॅबना वापरला जातो असे माना. लोखंडी टेकूचा खर्च सतरा-साडेसतरा रुपयांवर उतरतो आणि बल्लीचा एकवीस रुपयांच्या आसपास राहतो. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. गावोगाव ते बदलतील. परंतु त्यांतून निघणारा निष्कर्ष बदलत नाही. लोखंडाचा स्वस्तपणा त्याच्या धातूत नसतो. स्वस्त कर्ज आणि पुरेपूर वापर यांच्या आधारावर तो उभा असतो. ज्याच्याकडे हे दोन्ही नाही त्याला सुरक्षित साधन वापरण्याचा उपदेश करणे व्यर्थ आहे.

दिवसांची घाई

साधन कोणतेही असले तरी ते किती दिवस जागेवर राहते, हा याहूनही मोठा प्रश्न. आय. एस. ४५६ या मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस, आणि तुळयांखालचे टेकू सहा मीटरपर्यंत चौदा व त्यापुढे एकवीस दिवस ठेवावयाचे असतात. पण या आकड्यांना दोन अटी आहेत. सिमेंट साधे पोर्टलँड असले पाहिजे आणि हवेचे तापमान पंधरा अंशांखाली गेलेले नसावे. सामान्य ग्राहक दुकानातून जे पोते आणतो त्यावर बहुधा ‘पी. पी. सी.’ असे लिहिलेले असते. म्हणजे औष्णिक वीजकेंद्रांची राख मिसळलेले, सावकाश बळ धरणारे सिमेंट. ते वाईट नव्हे. त्याला वेळ द्यावा लागतो, इतकेच. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नियमांत अशा सिमेंटसाठी ही मुदत दहा-सप्तमांश पट सांगितली आहे. त्या मानाने सात दिवसांचे दहा आणि चौदा दिवसांचे वीस होतात. शिवाय बुलडाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले. पौष-माघातल्या तेथील रात्रींना पंधरा अंशांची अट लागू पडत नाही, हे सांगावयास नको.

मुदत अशी लांबत असताना व्यवहाराची सारी ओढ उलट दिशेने असते. सेंट्रिंगचा ठेका चौरस फुटावर दिला असेल, तर प्लेटा लवकर सुटल्या की पुढचे काम लवकर मिळते. म्हणून सेंट्रिंगवाल्याला घाई. टेकू दिवसाच्या भाड्याने आणले असतील, तर प्रत्येक दिवसाला पैसे पडतात. म्हणून ठेकेदाराला घाई. मृगाच्या आधी वरचा मजला झाकावयाचा असेल, तर मालकालाही घाई. टेकू थांबावेत यात ज्याचे हित आहे असा एकच माणूस उरतो. तो म्हणजे स्लॅबखाली उभा असलेला मजूर. त्याला कोणी विचारीत नाही.

घाईचे परिणाम श्रीमंत देशांनीही भोगले आहेत. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ बेलीज क्रॉसरोड्स येथे २ मार्च १९७३ रोजी एका बहुमजली इमारतीच्या वरच्या मजल्याखालचे टेकू वेळेआधी काढले गेले. काँक्रीट खांबांभोवती फाटले, वरचे मजले एकावर एक कोसळत खालपर्यंत आले आणि चौदा कामगार दगावले. वेस्ट व्हर्जिनियातील विलो आयलंड येथे २७ एप्रिल १९७८ रोजी वीजकेंद्राच्या शीतकरण मनोऱ्याची परांची आदल्याच दिवशी टाकलेल्या काँक्रीटला अडकवलेली होती. थंडीत ते काँक्रीट पुरेसे कठीण झालेले नव्हते. ते सुटले आणि एक्कावन्न माणसे मृत्युमुखी पडली. तेथे पोलाद उत्तम होते, अभियंते शिकलेले होते; कमी पडला तो वेळ.

आणि उत्तम यंत्रसामग्री असली म्हणजे भागते, असेही नाही. जिल्ह्यातील मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा या तालुक्यांतून गेलेल्या समृद्धी महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी पुलाचे तुळईखंड चढविणारी अवजड यंत्रणा कोसळून वीस जणांचा बळी गेला. त्यापूर्वी ऑगस्ट २०२१ मध्ये याच महामार्गाच्या कामावरील तेरा मजूर सिंदखेड राजा तालुक्यात सळयांनी भरलेले वाहन उलटून ठार झाले होते. पहिली घटना भार उचलण्याच्या तात्पुरत्या व्यवस्थेची, दुसरी माणसे नेण्याच्या तात्पुरत्या व्यवस्थेची. कायमच्या बांधकामाचे नकाशे दहादा तपासले जातात. तात्पुरत्या व्यवस्थेकडे तेवढी नजर जात नाही. हा दोष खेड्यातल्या मिस्त्रीपुरता मर्यादित नाही.

कायदा जेथे थांबतो

बांधकाम मजुरांसाठी संसदेने १९९६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. परांचीपासून खोदकामापर्यंतचे सुरक्षिततेचे नियम त्याखाली १९९८ मध्ये झाले. पुढे हा कायदा २०२० च्या कामगार संहितांत विलीन झाला आणि त्या संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आल्या. पण आरंभापासून या कायद्याला एक उंबरठा होता. दहापेक्षा कमी मजूर असलेले काम आणि स्वतःच्या राहण्यासाठी दहा लाख रुपयांपर्यंत खर्चाचे घर त्याच्या बाहेर ठेवण्यात आले. सामाजिक सुरक्षा संहितेत ही खर्चाची मर्यादा पन्नास लाखांवर गेली. घरमालकाला कचेऱ्यांचे हेलपाटे पडू नयेत हा त्यामागचा हेतू समजण्याजोगा आहे. तथापि त्याचा परिणाम असा, की चिखली किंवा मोताळ्यातील जवळजवळ प्रत्येक घर कायद्याच्या नजरेबाहेर बांधले जाते. जेथे अभियंता नाही, मानकांची माहिती नाही आणि भांडवल महाग आहे, तेथेच तपासणीही नाही.

मजुरांच्या कल्याणकारी मंडळाची मदत उपयोगाची आहे. परंतु तीसाठी वर्षात किमान नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. शेतीच्या हंगामात कापूस वेचणारा आणि उन्हाळ्यात घमेली वाहणारा मजूर हा दाखला कोणाकडून आणणार? शिवाय मदत ही अपघातानंतरची गोष्ट. टेकू ही अपघाताआधीची गोष्ट आहे.

करता येण्यासारखे

या प्रश्नाला मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. पहिला उपाय भाड्याच्या पद्धतीत आहे. टेकू दिवसावर भाड्याने न देता स्लॅबवर द्यावेत. म्हणजे ठरलेल्या रकमेत किमान दहा दिवस आणि तुळयांसाठी वीस दिवस समाविष्ट असावेत. लवकर परत केल्याने पैसे वाचणार नसतील तर लवकर काढण्याचे कारणच उरत नाही. घरमालकाला हे परवडणार नाही, हा आक्षेप अंकगणितापुढे टिकत नाही. हजार चौरस फुटांना तीन फुटांच्या अंतराने एकशे दहाच्या आसपास टेकू लागतात. एका टेकूचे भाडे दिवसाला तीन रुपये धरले, तरी तीन दिवस अधिक ठेवण्याचा खर्च हजार रुपयांच्या घरात जातो. दोन-तीन पोती सिमेंटची ही किंमत आहे.

दुसरा उपाय भांडवलाचा. एकट्या सेंट्रिंगवाल्याला न परवडणारे साधन दहा जणांना मिळून परवडते. बुलडाण्यात १९८६ मध्ये स्थापन झालेल्या बुलडाणा अर्बन पतसंस्थेने गोदामांत ठेवलेल्या शेतमालावर कर्ज देण्याची पद्धत रुजविली; म्हणजे ज्याच्याजवळ रोकड नाही पण वस्तू आहे, त्याला पत मिळण्याची सोय झाली. लोखंडी टेकू आणि प्लेटा याही तारण ठेवता येण्याजोग्या, मोजता येण्याजोग्या वस्तू आहेत. तालुक्याच्या गावी सेंट्रिंग कारागिरांची सहकारी संस्था, तिच्या मालकीचे तपासलेले टेकू आणि त्यांसाठी पतसंस्थेचे कर्ज, ही व्यवस्था शेती अवजारांच्या बँकेपेक्षा अवघड नाही. वर मांडलेल्या हिशेबात व्याज आणि वापर या दोन्ही जागी तीच उपयोगी पडेल.

तिसरा उपाय देखरेखीचा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट प्रदेशात केंद्राच्या निकषाने एक लाख वीस हजार रुपये मिळतात. हे पैसे हप्त्यांनी मिळतात आणि बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे जागेच्या नोंदीसह मोबाईलवरून पाठवावी लागतात. ज्या घरकुलांवर स्लॅब पडणार आहे, त्यांच्या बाबतीत काँक्रीट टाकण्यापूर्वीच्या सेंट्रिंगचे एक छायाचित्र या यादीत वाढविले, तर वेगळा खर्च नाही. टेकूंतील अंतर, आडवे बंध आणि पायाखालची फळी या तीन गोष्टी त्या एका चित्रात दिसतात. नगरपालिकांनीही बांधकाम परवान्यासोबत हीच अट घालण्यास हरकत नसावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत गवंडीकामाला स्थान आहेच. सेंट्रिंगच्या कामगारांसाठी आठ-पंधरा दिवसांचे वर्ग त्याला जोडता येतील. छज्जाचे टेकू मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे काढावेत, वरचा स्लॅब टाकावयाचा असेल तर खालच्या मजल्याचे टेकू हलवू नयेत, ओलसर मालाचा ढीग एका जागी ओतू नये, या गोष्टी सांगण्यास एक दुपार पुरते. न सांगितल्यास त्यांची किंमत माणसाच्या जिवात मोजावी लागते.

हे सारे होईपर्यंतही घरमालक अगदीच निरुपाय नाही. भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन घर बांधणाऱ्या शिक्षकाने किंवा कारकुनाने स्लॅबच्या आदल्या दिवशी मिस्त्रीला बरोबर घेऊन खालून एक फेरी मारावी. फीत लावून टेकूंतील अंतर मोजावे, ओळंबा सोडून ते सरळ उभे आहेत का ते पाहावे, जोड दिलेल्या किंवा विटांवर उभ्या केलेल्या बल्ल्या बदलून घ्याव्यात, आडवे बंध नसतील तर काँक्रीट थांबवावे, आणि टेकू कोणत्या तारखेला निघतील ते ठेक्याच्या कागदावर लिहून घ्यावे. या फेरीला अर्धा तास लागतो. पावसाळ्याच्या तोंडावर जिल्ह्यात स्लॅबची घाई दरवर्षी सुरू होते. त्या वेळी हा अर्धा तास काढणारा मालक आपल्या घराबरोबर त्याखाली राबणाऱ्या माणसांचीही काळजी घेत असतो.